कुऱ्हाडबंदीची सूचक

जंगलाच्या राखणदाराने माझ्या सासूच्या डोक्यावरची मोळी काठीने ढोसली.

"खाली ठिव, म्हातारे."

सासू जागीच थांबली. डोक्यावरची मोळी एकट्याने उतरवता येत नाही, दुसऱ्याचा हात लागतो. मी चार पावलं मागे होते. माझ्याही डोक्यावर मोळी. मी माझी टाकून तिच्याकडे धावले, तोवर त्याने हिसका दिला. मोळी डांबरी सडकेवर आपटली आणि तिच्याबरोबर सासूही खाली बसली. चुंबळ घरंगळत गटारात गेली. पिरंगुटच्या कारखान्यातून पहिली पाळी सुटून आलेले दोघं मोटरसायकल थांबवून बघत होते. त्यातला एक हसला.

मी म्हणाले, "वाळकी फाटी हायेत. हातानं मोडल्यात. कुऱ्हाड लावली न्हाई."

राखणदाराने काठी वर केली. मला वाटलं मारतो. पण त्याने काठीने जंगलाच्या फाटकावर नवाच लावलेला फलक दाखवला.

"वर बघ. कोन हाय ती?"

वर मी होते. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, उजवा हात वर. माझ्यामागे आमच्या वाडीच्या आणखी आठ बाया, सगळ्यांचे हात वर. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, 'महिलांच्या पुढाकारातून कुऱ्हाडबंदी'.

"ठराव मांडायचा तुमी, आन चोरी बी तुमीच करायची, व्हय? दे कोयता हिकडं."

कोयता सासूच्या कमरेला होता. काटेरी झुडपातून वाट काढायला लागतो म्हणून. तो तिच्या आईचा होता, मूठ झिजून तिच्या पंजाच्या आकाराची झालेली. त्याने तो घेतला. दोन्ही मोळ्या फाटकाच्या आत फेकायला लावल्या, तेही माझ्याच हाताने. कागद नाही, पावती नाही, काही नाही.

सासू रस्त्यात बसूनच फलकाकडे बघत होती. तिला वाचता येत नाही, पण सून ओळखता येते. ती मला म्हणाली, "तू तर म्हनलीस, ते आपल्यासाटी न्हाई म्हून."

राखणदाराच्या काठीचं मला एवढं लागलं नाही. हे लागलं. कारण ते खरं होतं. मीच म्हणाले होते.

आम्ही कातकरी. मुळशीतल्या एका डोंगराच्या पायथ्याला आमची वाडी आहे, वीस-बावीस झापांची, म्हणजे कुडाच्या झोपड्यांची. वर जंगल, खाली धरणाचं पाणी, आणि मध्ये जी काही सपाट जमीन आहे ती गावातल्या मोठ्या घरांची. त्यातली बरीच आता बंगलेवाल्यांना विकून झाली. आमची कुठलीच नाही. आम्ही जिथे राहतो तीसुद्धा आमची नाही. जंगल तेवढं आमचं वाटायचं, कारण तिथे आम्हाला कुणी ऊठ म्हणत नव्हतं.

मी आश्रमशाळेत आठवीपर्यंत शिकले. वाडीतल्या बायांत एवढी शिकलेली मी एकटीच. त्यामुळे कसलाही कागद आला की माझ्या पुढ्यात. औषधाची चिठ्ठी, रेशनकार्ड, पोराचा दाखला. मला त्याचा माज होता, खोटं कशाला सांगू. बाया माझ्या तोंडाकडे बघत बसायच्या आणि मी जरा वेळ घेऊन, घसा खाकरून वाचायची. वासरात लंगडी गाय शहाणी, तशातली गत.

गावात वनसमिती झाली तेव्हा समितीत बाया पाहिजेत असं वरून आलं होतं. अध्यक्ष अण्णा झाले. अण्णा म्हणजे गावातलं मोठं घर. मारुंजीला त्यांनी चार मजले खोल्या बांधून भाड्याने दिल्यात, तिथेच राहतात. गावात आठवड्यातून एखादा दिवस येतात, गाडीतून उतरतात ते थेट देवळाच्या पारावर. जंगलात ते शेवटचे कधी गेले ते त्यांनाही आठवणार नाही. त्यांच्या घरातल्या बाया समितीत यायला तयार नव्हत्या. फॉरेस्टच्या साहेबांपुढे बसायचं, फोटो काढून घ्यायचे, ते त्यांच्यात शोभत नाही म्हणे. मग अण्णांना आमची आठवण झाली. आम्हाला कशानेच अशोभा येत नाही.

अण्णा स्वतः वाडीवर आले. आमच्या दारात. माझ्या लग्नाला अठरा वर्षं झाली, तेवढ्या काळात ते पहिल्यांदाच. सासूने आतून गोधडी आणून अंथरली, ते बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "तू शिकलेली हाईस. तुझं नाव घालतोय समितीत. बैठकीला बाया घिऊन यायचं. लुगडी बरी नेसा."

मी हो म्हणाले. मला आनंद झाला होता. हे सांगायला लाज वाटते, पण झाला होता.

बैठका कशा व्हायच्या ते सांगते. आम्ही दहाला जायचो. समाजमंदिरात सतरंजीवर बसायचो. अकराला साहेब यायचे, गार्ड यायचे, अण्णा यायचे. मग पहिल्यांदा फोटो. बाया पुढे, पुरुष मागे. फोटो झाला की अण्णा म्हणायचे, "बायांना घरी कामं असत्यात. सोडा त्यांना." आणि आम्हाला सोडायचे. आम्ही बिस्किटाचा पुडा घेऊन घरी. बैठक त्यानंतर सुरू व्हायची. आधी फोटो, मग बायांची पाठवणी, मग बैठक, अशी ती रीत होती. दोन वर्षं मी समितीची सदस्य होते आणि समितीची एकही बैठक मी पाहिली नाही.

असंच एकदा गार्डसाहेब कागद घेऊन उभे राहिले. म्हणाले, "आज महत्त्वाचा विषय आहे. कुऱ्हाडबंदी. सगळ्या महिलांनी हात वर करायचे आहेत."

बायांनी माझ्याकडे पाहिलं. शेजारच्या चंद्राने मला कोपराने ढोसलं. "काय म्हनत्यात?"

आता कुऱ्हाड म्हणजे काय ते आम्हाला चांगलं ठाऊक. कुऱ्हाड पुरुषाची. कुऱ्हाड म्हणजे उभं झाड. रात्री पिकअप लावून ऐनाची झाडं पाडणारे, बंगल्यासाठी जागा मोकळी करणारे, कोळशासाठी रान झोडपणारे, त्यांच्या हातात कुऱ्हाड. आमच्या वाडीत एकाही बाईकडे कुऱ्हाड नाही. आमच्यात बाई कुऱ्हाडीला हात लावत नाही, लावला तर झाड रडतं म्हणतात. बाई वाळलेली फांदी हेरते, पाय देऊन मोडते, गोळा करते, वेलीने बांधते. त्याला आम्ही तोडणं म्हणतच नाही. वेचणं म्हणतो.

म्हणून मी मोठ्या दिमाखात बायांना सांगितलं, "कुऱ्हाड बंद करत्यात. झाडं पाडनाऱ्यांवर हाय. आपल्यासाटी न्हाई."

"मंग बरंच हाय की," चंद्रा म्हणाली.

सगळ्यांचे हात वर गेले. माझा सगळ्यात उंच. एकीने तर टाळ्याही वाजवल्या. फोटो निघाला. आम्हाला सोडलं. त्या दिवशी बिस्किटांबरोबर केळीही मिळाली.

कागदात काय होतं ते मला मोळ्या धरल्या त्या दिवशी कळलं. संध्याकाळी मी गार्डसाहेबांच्या खोलीवर गेले. माणूस वाईट नव्हता, बदलीची वाट बघत दिवस काढत होता. त्याने वही काढून दाखवली. मी स्वतः वाचलं. 'कुऱ्हाडबंदी म्हणजे समितीच्या क्षेत्रातून ओले अथवा वाळलेले कोणत्याही प्रकारचे लाकूड, फाटे, काटक्या काढण्यास व वाहून नेण्यास पूर्ण मनाई.' त्याखाली सूचक म्हणून माझं नाव. सूचक म्हणजे ठराव मांडणारी. अनुमोदक चंद्रा. ठराव सर्वानुमते मंजूर.

मी म्हणाले, "साहेब, ह्यात कुऱ्हाड कुटं हाय? ह्यात तर काटकी हाय."

तो म्हणाला, "बाई, शासकीय भाषेत याला कुऱ्हाडबंदीच म्हणतात. विचारायचं होतं तेव्हा."

तेव्हा मला विचारायचं होतं. बरोबर आहे. मला शब्द येतो असं वाटलं म्हणून मी विचारलं नाही. आठवी शिकलेल्या बाईने नऊ बायांच्या चुली विझवल्या, त्याही हसत हसत, केळी खात.

गॅस आहे की, असं म्हणतात सगळे. आहे. शेगडी फडताळावर आहे, तिच्यावर देवाचा फोटो ठेवलाय. टाकी रिकामी झाली तेव्हापासून दुसरी आली नाही. वाडीत एका घरात टाकीवर पोरं बसून अभ्यास करतात.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते बायांनाच विचारावं. वाडीत मला कुणी शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. फक्त कागद घेऊन कुणी येईना. चंद्राच्या घरी दवाखान्याची चिठ्ठी आली तर ती घेऊन ती घोटावड्याच्या दुकानदाराकडे गेली, मैलभर पायी. माझ्या दारावरून गेली. बाया पहाटे उजाडायच्या आत मागच्या बाजूने रानात शिरायला लागल्या, जिकडे कडा आहे. तिथे पाय सरकून एकीचं मनगट मोडलं. ती कुणाला सांगताना म्हणायची, विहिरीवर पडले. आपल्याच रानात गेल्याचं लपवायचं, मोडलेला हातही लपवायचा. आम्ही त्या वर्षात चोर झालो. कुणी बनवलं म्हणून झालो, पण चालायला, दबकायला, खोटं बोलायला चोरासारखंच लागलो.

मी नवऱ्याला म्हणाले, अण्णांकडे जाऊन बोला. तो त्यांच्या फार्महाऊसवर माळीकाम करायचा. म्हणाला, "मी काय बोलू? हात तू वर केलास."

मीही तेव्हा धुणीभांडी करायला जात होते. पाण्याच्या कडेला अण्णांच्या पुतण्याने तंबू टाकलेत. शनिवार-रविवार पुण्याहून, हिंजवडीहून पोरंपोरी येतात, गाणी लावतात, कोंबडी भाजतात. सोमवारी सकाळी खरकट्या भांड्यांचा डोंगर असतो. तिथे एका सोमवारी भांडी घासायला राख हवी म्हणून मी तंबूंच्या मागे गेले. ताडपत्रीखाली लाकडं रचून ठेवली होती. मोळ्या. पंधरा-वीस तरी असतील. न सोडलेल्या, जशाच्या तशा.

आमच्यात प्रत्येक बाईची मोळी बांधायची गाठ वेगळी असते. वेल दोनदा फिरवून टोक आत खोचायचं ही माझ्या सासूची गाठ. दुसरी कुणी तशी मारत नाही, कारण ती सुटता सुटत नाही. वरून दुसरी मोळी तिची होती. तिच्या शेजारची चंद्राची. खालची, जिचं मनगट मोडलं तिची.

धरलेल्या मोळ्या कुठे जातात हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं. आम्हाला वाटायचं, फॉरेस्टवाले नेत असतील. सरकार नेत असेल. इथे त्यांच्या शेकोट्या होत होत्या. रानाचं रक्षण चाललं होतं ते असं.

तिथे पुतण्या आला. म्हणाला, "काय बघतीस गं? भांडी झाली का?"

मी म्हणाले, "राख पायजेल हुती."

राख घेतली आणि भांडी घासली. सगळी घासली. तळाला चिकटलेला मसालासुद्धा खरवडून काढला. मला आजही कळत नाही की त्या वेळी माझी जीभ कुठे गेली होती. घरी येऊन सासूलाही सांगितलं नाही. तिला सांगून काय, तिच्या हातात काय होतं? आणि माझ्या तरी?

मग पुन्हा बैठकीचा निरोप आला. या खेपेला थाट मोठा होता. कुठल्याशा कंपनीचे साहेब रोपं वाटायला येणार होते. समाजमंदिरापुढे मांडव, खुर्च्या, हार. अण्णांनी निरोप्याबरोबर सांगून पाठवलं, "हिरवं लुगडं नेसून या. मागच्या फोटूत बरं दिसलं हुतं."

मी हिरवं लुगडं नेसले. दुसरं चांगलं नव्हतंच.

बाया बसल्या. फोटोवाला आला. गार्डसाहेब उभे राहिले, कागद हातात. जंगलाला तारेचं कुंपण घालायचं आणि आतला भाग निसर्ग पर्यटनासाठी पुतण्याच्या संस्थेकडे सांभाळायला द्यायचा, असं काहीसं भरभर म्हणाले. शब्द गुळगुळीत होते. 'संवर्धन', 'सहभाग', 'स्वयंसेवी'. मग म्हणाले, "महिलांनी हात वर करा."

मी म्हणाले, "आदी वाचून दाखवा."

माझा आवाज मला भलताच बारीक वाटला. गार्डसाहेबांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णा हसले, पाहुण्यांकडे बघून. "वाचायचं काय त्यात. तुमच्याच भल्याचं हाय."

"कुऱ्हाडबंदी बी भल्याचीच हुती. वाचा. एकेक शब्द सांगा, मंग हात."

फोटोवाला म्हणाला, "ताई, हात वर प्लीज. उन्हाची तिरीप जातेय."

मी हात मांडीवर ठेवले. एकात दुसरा घट्ट धरून ठेवला. शेजारी चंद्राचा हात अर्धा वर गेला होता, तो तसाच हवेत अडकला. कंपनीच्या बाईंनी शेजाऱ्याला इंग्रजीत काहीतरी विचारलं.

अण्णा उठले. माझ्याजवळ आले. आवाजात एवढी माया की कुणाला वाटावं बापच आला.

"हिला उनानं चक्कर आलीय," ते म्हणाले. "सकाळधरनं उपाशी असत्यात ह्या. घ्या गं तिला बाहीर. पानी पाजा."

मी म्हणाले, "मला चक्कर न्हाई आली."

"येती, येती. बोलू नगं. बाहीर घ्या."

गावातल्या दोघी बायांनी मला काखेत धरून उठवलं. मी नको म्हणत होते, त्या "चल गं, चल" म्हणत होत्या. कंपनीच्या बाई धावत आल्या, त्यांनी आपली पाण्याची बाटली माझ्या तोंडाला लावली. काळजीने. मी बोलायला तोंड उघडलं की त्यात पाणी. ठसका लागला. लोक म्हणाले, बघा, खरंच बरं नाही तिला. मला मांडवामागे, भांड्यांच्या ढिगाजवळ नेऊन बसवलं आणि एकीने पदराने वारा घालायला सुरुवात केली.

आतून टाळ्या ऐकू आल्या.

आयुष्यात मला कातकरडे म्हणून हाक मारलेली मी ऐकलीय. वेगळ्या कपातला चहा प्यायलेय. चोर म्हणून घेतलंय. पण त्या दिवसासारखी मी कधी मेले नव्हते. मी नाही म्हणाले होते. जन्मात पहिल्यांदा, शंभर माणसांत. आणि त्याचा त्यांनी आजार करून टाकला. बाईचा नकार, तोही कातकरणीचा, त्यांना ऐकूच आला नाही. त्यांना दिसली ती भोवळ.

पाहुणे नाश्त्याला बसले तेव्हा मी उठले. वारा घालणारीचा हात बाजूला केला आणि आत गेले. अण्णा वही मिटत होते.

मी म्हणाले, "माझा विरोध लिवा."

"कसला विरोध? ठराव सर्वानुमते झाला."

"मी न्हाई म्हनले हुते."

"तू हुतीस कुटं? तू तर बाहीर हुतीस. बाहीर असलेल्या मानसाचा विरोध लिवत न्हाईत."

गार्डसाहेब खाली बघत होते. मी वहीला हात घातला. अण्णांनी ती काखेत मारली. वही माझ्या हातातून अशी निसटली की बोटांना कागद कापला. ते हळूच म्हणाले, पाहुण्यांना ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात, "लई शिकलीस. घरी जा."

आठ दिवसांत समितीतून माझं नाव गेलं. कारण काय, तर प्रकृती ठीक नसल्याने. माझ्या जागी अण्णांची सून आली. आता त्यांच्यात शोभतं. भांड्यांचं काम गेलं. नवऱ्यालाही माळीकामावरून घरी पाठवलं. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, तिसऱ्या दिवशी बोलला ते लिहिण्यासारखं नाही. कुंपणाचे खांब आले. आमच्या पायवाटेवर रोवले.

मी जिंकले नाही. कुणी माझ्या बाजूने उभं राहिलं नाही. चंद्रा एवढंच म्हणाली की शेवटी तिनेही हात खाली घेतला, पण फोटोत कळत नाही. मी तिला मोळ्यांचं सांगितलं, ताडपत्रीखालच्या. तिने विचारलं, "माजी बी हुती?" मी हो म्हणाले.

परवा सासूने चुलीत पुठ्ठ्याचं खोकं घातलं. पिरंगुटच्या कारखान्यामागून वेचून आणलेलं, वर प्लॅस्टिक चिकटलेलं. घरभर काळा धूर झाला, माझ्या पोरीला खोकल्याची उबळ आली. सासू तिच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, "डोंगर समूर हाय आन आमी खोकी जाळतोय." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुला चक्कर आली न्हवती ना गं?"

"न्हाई, आय."

"मंग ठीक."

कायद्यात आमच्या बाजूचं काय आहे ते मला अजून धड माहीत नाही. विचारते आहे. या खेपेला एकेक शब्द विचारते आहे, लाज न धरता, आपल्याला येतो असं वाटणारा शब्दसुद्धा. पण तो कायदा सापडेपर्यंत मी कड्याच्या बाजूने दबकत जाणार नाही. उद्या सकाळी दहा वाजता, सडकेवर सगळी माणसं असताना, मी फाटकातून आत जाणार आहे. वाळकी फाटी वेचणार आहे. येताना राखणदार अडवेल. मोळी घेणार असाल तर लिहून द्या, म्हणेन. कुणाची घेतली, कुणी घेतली, ओली की वाळकी, आणि कुठे नेणार. माझं नाव पूर्ण घाला. लिहिलेलं मला वाचून दाखवा. कागद मिळाला तर तो घेऊन मी पौडला, तालुक्याच्या कचेरीत जाईन. नाही मिळाला तर परवा पुन्हा फाटकातून जाईन. त्याच्या दुसऱ्या दिवशीही.

चंद्राला सांगितलंय. ती येते म्हणाली नाही. मी तिची वाट बघणार नाही.